चर्चिलमध्ये रात्र असते तेव्हा आपली शाळा भरलेली असते : शाळा व्यवस्थापनाला खुलं पत्र

माननीय अध्यक्ष, सचिव आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

संगणक कक्षातलं इंटरनेट शाळेच्या वेळेत बंद राहील आणि आठवीच्या वर्गाचा ध्रुवीय प्रकाशाचा उपक्रम थांबवण्यात येत आहे, अशी चार ओळींची सूचना आपण नाताळच्या सुट्टीनंतर फलकावर लावलीत. त्याबद्दल मी आधी वर्गशिक्षिकांकडे विचारणा केली, मग कार्यालयात लेखी अर्ज दिला. अर्जाची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. पालक सभेत हा मुद्दा ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात गेला आणि त्या सदरापर्यंत सभा पोचलीच नाही. म्हणून आता हे पत्र सगळ्यांच्या देखत लिहितो आहे.

माझी मुलगी या वर्गात आहे. मी महाप्याच्या एका डेटा सेंटरमध्ये यूपीएस आणि बॅटऱ्यांच्या देखभालीचं काम करतो, तिन्ही पाळ्यांत. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात देशातली मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. लोकांचं इंटरनेट अखंड चालू राहावं म्हणून आमच्यासारखे लोक तिथे रात्री जागतात. तिथून रिक्षाने जाण्याच्या अंतरावर असलेल्या कोपरखैरण्यातल्या शाळेत मुलांसाठी दिवसाला एक तास इंटरनेट चालू ठेवता येत नाही, हे काही केल्या पचत नाही.

उपक्रम काय होता, हे समितीतल्या किती जणांनी प्रत्यक्ष पाहिलं, मला माहीत नाही. बाहेरच्या वाचकांना तर ठाऊक असण्याचं कारणच नाही, म्हणून आधी तेवढं सांगतो.

विज्ञानाच्या बाईंनी दिवाळीनंतर मुलांना ध्रुवीय प्रकाश, म्हणजे ध्रुवांजवळच्या आकाशात रात्री दिसणारा रंगीत प्रकाश, अरोरा, शिकवायला घेतला. फळ्यावर चित्र काढून व्याख्या उतरवून घेतली असती तर दोन तासिकांत विषय आटोपला असता. बाईंनी तसं केलं नाही. सकाळी साडेनऊच्या तासाला मुलं संगणक कक्षात जायची आणि कॅनडातल्या हडसनच्या उपसागराकाठच्या चर्चिल गावातून आकाशाकडे रोखलेल्या कॅमेऱ्याचं थेट चित्रण पडद्यावर लावायची. आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा हिवाळ्यात तिथे आदल्या दिवशीच्या रात्रीचे दहा वाजलेले असतात. आठवीच्या भूगोलात स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ हा धडा आहे. तो धडा माझ्या मुलीला कसा समजला, ते मी घरात पाहिलं. तिने स्वयंपाकघरातल्या घड्याळाखाली ‘चर्चिल’ अशी चिठ्ठी लावून ठेवली होती आणि येताजाता आकडे वजा करत होती.

कॅमेरा लावण्याआधी मात्र अंदाज लिहायचा, असा बाईंचा नियम होता. सूर्यावरून विद्युतभारित कणांचा झोत सतत वाहत असतो, तो सौरवारा. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटरवर काही उपग्रह ठेवलेले आहेत, ते हा वारा येता येता मोजतात आणि ते आकडे कुणालाही इंटरनेटवर फुकट बघता येतात. मुलं त्यातला वेग वाचायची आणि भागाकार करायची. वेग सेकंदाला ५०० किलोमीटर असेल तर १५ लाखांना ५०० ने भागा, ३,००० सेकंद, म्हणजे ५० मिनिटांत हा वारा आपल्यापर्यंत पोचणार. मग वाऱ्यासोबत येणारं चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे वळलेलं आहे की दक्षिणेकडे, ते बघायचं. दक्षिणेकडे असेल तर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी ते जोडलं जातं, ऊर्जा आत शिरते आणि ध्रुवांभोवतीचा प्रकाश भडकण्याची शक्यता वाढते. उत्तरेकडे असेल तर बहुधा शुकशुकाट. एवढं पाहून प्रत्येकाने चार-पाच ओळी मराठीत लिहायच्या, बाई तपासायच्या आणि वर्गाच्या ऑनलाइन नोंदवहीत त्या चढवल्या जायच्या. एका मुलाने लिहिलं होतं, “आज दिशा उत्तरेकडे आहे म्हणून काहीच दिसणार नाही असं मी लिहिलं. काहीच दिसलं नाही. मला फार आनंद झाला.” अरोरा न दिसल्याचा आनंद झालेला हा बहुधा नवी मुंबईतला पहिला माणूस असेल.

आता तक्रारी.

सगळ्यात आधी ती नोंदवही. उपक्रम थांबवलात, तो तुमचा अधिकार मानू. पण मुलांनी दीड-दोन महिने लिहिलेली पानं त्याच दिवशी इंटरनेटवरून काढून टाकलीत आणि त्यांची प्रतही कुणाला दिली नाहीत. परीक्षेच्या उत्तरपत्रिकासुद्धा शाळा काही काळ जपून ठेवते. हे लिखाण तर मुलांनी कुणी गुण देणार नाही हे माहीत असताना केलेलं होतं. काढण्याआधी बाईंना विचारलं नाही, मुलांना विचारलं नाही, ज्यांच्या सहीची संमतीपत्रं कार्यालयात पडून आहेत त्या पालकांनाही विचारलं नाही. मुलीने घरी येऊन मला विचारलं, “बाबा, ते कुठे गेलं असेल?” मी सर्व्हरच्या शेजारी बसून नोकरी करणारा माणूस. मलाही उत्तर देता आलं नाही.

दुसरी तक्रार तुमच्या सूचनेतल्या कारणाबद्दल आहे. “सदर विषयाचा स्थानिक परिसराशी संबंध नाही,” असं आपण लिहिलंत. यावर मला जरा सविस्तर बोलू द्या, कारण इतकं चुकीचं वाक्य शाळेच्या फलकावर राहू नये.

कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकरांनी आणि पुढे केरूनाना छत्र्यांनी तिथे काम केलं. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी घेतल्या जाऊ लागल्या. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरून आलेलं वादळ आजवर नोंदल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या वादळांपैकी एक मानलं जातं. जगातल्या अनेक ठिकाणच्या नोंदी त्या वेळी अपुऱ्या पडल्या, पण कुलाब्याची नोंद हाती लागली. तिच्यात चुंबकीय क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचं एकक) कोसळलेलं दिसतं. दीडशे वर्षांनंतरही शास्त्रज्ञ त्या वादळाचा हिशेब मांडताना हीच नोंद उघडतात. पुढे ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री तर खुद्द मुंबईतून अरोरा दिसल्याची नोंद आहे आणि मुंबई ते एडन या समुद्राखालच्या तारेचं काम त्या वादळात विस्कळीत झालं होतं. मुंबईतून! आपली मुलं जिथे राहतात तिथून खाडी ओलांडली की मुंबई.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरल्यावर कुलाब्याच्या नाजूक उपकरणांना तारांमधल्या विजेचा उपद्रव होणार हे उघड होतं. म्हणून १९०४ साली चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. तिथल्या इमारती लोखंड न वापरता बांधल्या आणि वेध आजही चालू आहेत. नानाभाई मूस या संचालकांनी कुलाब्याच्या साठ वर्षांच्या नोंदी संकलित करून १९१० साली छापल्या. या सगळ्या परंपरेचा आजचा पत्ता सांगू? भारतीय भूचुंबकत्व संस्थान, नवीन पनवेल. कोपरखैरण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल पकडली की पनवेलपर्यंत थेट जाता येतं. या संस्थेचे शास्त्रज्ञ अंटार्क्टिकावरच्या मैत्री या आपल्या तळावरही काम करतात, जिथे दक्षिणेकडचा अरोरा दिसतो. स्थानिक परिसराशी याहून जवळचा संबंध असलेला विज्ञानाचा विषय समितीने मला दाखवावा. फ्लेमिंगो सोडून.

ट्रामची गोष्ट मुलांना का कळली, तेही सांगतो. बाईंनी वर्गात एक साधा चुंबकमापी करून घेतला होता. लोणच्याची काचेची बरणी, तिच्या झाकणातून रेशमी दोऱ्याने टांगलेला पट्टीचुंबक, चुंबकाला चिकटवलेला आरशाचा तुकडा. आरशावर लेसरचा ठिपका पाडायचा आणि समोरच्या भिंतीवर आलेखाचा कागद लावून तो ठिपका कुठे पडतो ते लिहायचं. मुलं सूर्यावरच्या वादळाची वाट बघत बसली आणि ठिपका रोज मधल्या सुट्टीच्या सुमाराला टुणकन उडी मारू लागला. वर्गात जल्लोष. दोन दिवसांनी लक्षात आलं की शेजारच्या खोलीत शिपाईकाका त्या वेळी लोखंडी कपाटाचं दार उघडतात. मग बाईंनी कुलाब्याच्या ट्रामची गोष्ट सांगितली आणि मुलांनी स्वतःच बरणी लांबच्या खोलीत हलवली. मोजमापात खोट कशी शिरते आणि ती कशी शोधायची, हे मी नोकरीला लागल्यावर शिकलो. ही मुलं तेराव्या वर्षी शिकत होती. ती बरणी सध्या प्रयोगशाळेतल्या कपाटावर पडलेली आहे, म्हणे. लोखंडी कपाटावर.

तिसरी गोष्ट. “इच्छुक विद्यार्थ्यांनी घरी पाहावे,” असं आपण म्हणता. घरी कधी? रात्री नऊला मुलं जेवून मोकळी होतात तेव्हा चर्चिलला सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात, लख्ख उजाडलेलं. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला त्या वेळी दुपारचे साडेचार. अरोराचा खरा जोर तिथल्या मध्यरात्रीच्या आगेमागे असतो. त्या त्या गावची मध्यरात्र आपल्या घड्याळात पहाटे साडेचारला किंवा सकाळी साडेअकराला पडते. साडेअकराला मुलं शाळेत असतात आणि पहाटे साडेचारला झोपलेली असावीत, असं मला बाप म्हणून वाटतं. शिवाय वर्गातल्या बऱ्याच घरांत एकच स्मार्टफोन आहे, तो आई किंवा बाबा कामावर घेऊन जातात. माझ्याही घरी तेच आहे. संगणकाचं शुल्क आम्ही जूनमध्ये सर्वांबरोबर भरलं आहे. त्या पावतीवर ‘इंटरनेट वगळून’ असं कुठे लिहिलेलं नाही.

इंटरनेट बंद ठेवण्यामागे मुलांच्या सुरक्षेचा मुद्दा असेल, तर तो मी हसण्यावारी नेणार नाही. इंटरनेटवर मुलांना काय काय भेटू शकतं हे मला कामामुळे सामान्य पालकापेक्षा थोडं जास्त माहीत आहे आणि त्याची काळजी शाळेने करावी, हेच योग्य. पण या वर्गात मुलं एकटी संगणकावर बसत नव्हती. एक मोठा पडदा, बाई समोर, ठरलेली तीन-चार संकेतस्थळं. नोंदवहीत फोटो नव्हते, आडनावं नव्हती, शाळेचं नावसुद्धा नव्हतं, बाहेरच्या कुणाला तिथे मुलांशी बोलायची सोय नव्हती. यात उणीव असेल तर दाखवा, आम्ही चार तांत्रिक नोकऱ्या करणारे पालक एका रविवारी येऊन ती दुरुस्त करून देतो. ठरावीक संकेतस्थळं सोडून बाकी सगळं बंद करणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. सरसकट तार उपटण्याला सुरक्षा म्हणत नाहीत.

उलट मुलं सावध कशी होतात, ते ऐका. डिसेंबरात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एक चित्र फिरलं : वाशीच्या खाडीपुलावर हिरव्या प्रकाशाचे पडदे. शंभरेक जणांनी हात जोडले, कुणी शुभ संकेत म्हटलं, कुणी प्रलय. माझ्या मुलीने माझ्या फोनवरून उत्तर टाकलं की हे बनावट आहे. कारण विचारलं तर तिने सांगितलं, हिरवा रंग ऑक्सिजनमुळे साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवर उमटतो, आणि तो प्रकाश इथून हजारो किलोमीटर उत्तरेला असतो, त्यामुळे आपल्या १९ अंश अक्षांशावरून तो क्षितिजाच्या खालीच राहणार. लाल रंग मात्र २०० किलोमीटरच्याही वर तयार होतो, म्हणून फार मोठ्या वादळात दक्षिणेकडच्या लोकांना दिसलाच तर लाल दिसतो. १० मे २०२४ च्या रात्री लडाखमधल्या हान्ले वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी जो टिपला तो लालच होता. गटावर पाच मिनिटं शांतता. मग एका काकांनी अंगठा दिला. खोटं चित्र ओळखायला मुलीला कुणी ‘सायबर जागृती’चं व्याख्यान दिलेलं नव्हतं.

अभ्यासक्रमाबद्दल दोनच वाक्यं. प्रमाण वेळ आठवीच्या भूगोलात, विद्युतधारा आणि चुंबकत्व आठवीच्या विज्ञानात, भागाकार आणि आलेख गणितात, चार ओळी शुद्ध लिहिणं मराठीत. यातलं अभ्यासक्रमाबाहेरचं काय, ते अधोरेखित करून पाठवावं.

आणि बाईंना दिलेल्या लेखी समजपत्राबद्दल. त्या स्वतः याविषयी अवाक्षर बोललेल्या नाहीत, बोलणारही नाहीत, त्यांना नोकरी करायची आहे. हे पत्र त्यांच्या सांगण्यावरून लिहिलेलं नाही, हे इथे स्पष्ट नोंदवतो. हजेरी, दप्तर, जनगणना, निवडणूक यांतून वेळ काढून कुणी शिक्षिका एवढं शिकवत असेल तर तिच्या नावाने अभिनंदनाचा ठराव व्हायला हवा होता.

घाई का करतो आहे, याचंही कारण आहे. सूर्याचं चक्र साधारण ११ वर्षांचं असतं. सध्याच्या चक्राचा कमाल काळ, म्हणजे सूर्य सर्वांत खवळलेला असण्याचा काळ, आल्याचं नासा आणि नोआ (अमेरिकेची हवामान व महासागर संस्था) यांनी २०२४ च्या ऑक्टोबरात जाहीर केलं. कमाल ओलांडल्यावरच्या उतरत्या काळातही मोठी वादळं येतात, २००३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली तशीच आली होती. त्यानंतर मात्र सूर्य काही वर्षं थंडावतो. पुढचा कमाल काळ येईपर्यंत ही मुलं नोकरीधंद्याला लागलेली असतील. आपला आदित्य-एल१ हा उपग्रहसुद्धा ६ जानेवारी २०२४ पासून त्या १५ लाख किलोमीटरवरच्या ठिकाणी घिरट्या घालत सूर्याकडे बघतो आहे. त्यावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेने घडवली आहे. एवढं सगळं जुळून आलेलं असताना आपण नेमका याच वर्षी वर्ग बंद केलात.

याला माझा स्वतःचा एक स्वार्थही जोडा हवं तर. १३ मार्च १९८९ ला अशाच वादळाने कॅनडाच्या क्विबेक प्रांतातलं वीजजाळं सुमारे दीड मिनिटात कोसळलं, ६० लाख लोक नऊ तास अंधारात होते. वादळामुळे लांबलचक वीजवाहिन्यांत नको असलेला प्रवाह शिरतो आणि त्याचा ताण ट्रान्सफॉर्मरवर येतो. माझं पोट ट्रान्सफॉर्मरपासून सर्व्हरपर्यंतच्या वाटेवर चालतं. हे समजणारी पोरं उद्या या एमआयडीसीत लागणार आहेत, मला आणि तुम्हालाही.

तेव्हा मागण्या अशा.

मुलांच्या नोंदवहीतली सगळी पानं आठ दिवसांत परत मिळावीत. इंटरनेटवर पुन्हा ठेवायची नसतील तर छापील प्रत आणि पेन ड्राइव्ह तरी द्या, छपाईचा खर्च पालक करतील.

संगणक कक्षातलं इंटरनेट सकाळी साडेनऊच्या एका तासिकेसाठी, शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि ठरावीक संकेतस्थळांपुरतं, चालू करावं. मार्च संपायच्या आत, कारण उन्हाळा लागला की चर्चिलची रात्र आखडते आणि बघायला काही उरत नाही.

सूचना फलकावरचं “स्थानिक परिसराशी संबंध नाही” हे वाक्य मागे घ्यावं आणि बाईंचं समजपत्रही.

वार्षिक सहल यंदाही वॉटर पार्कला ठरली आहे असं कळतं. वॉटर पार्कला माझा विरोध नाही, पण अलिबागला गेलात तर मुलांना समुद्रही मिळेल आणि वेधशाळाही. संस्थेला परवानगीचं पत्र आधी पाठवावं लागेल, मसुदा मी लिहून देतो.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिन आहे. त्या दिवशी आठवीच्या मुलांना सभागृहात अर्धा तास द्या आणि समितीने पहिल्या रांगेत बसून त्यांना हवे ते प्रश्न विचारावेत, अगदी अवघडसुद्धा.

मुलांच्या इंटरनेट वापराबद्दल धोरण ठरवायचं असेल तर त्या बैठकीत दोन पालक आणि एक शिक्षक असावेत. मी रात्रपाळी करून सकाळच्या बैठकीला यायला तयार आहे.

उत्तर मला वैयक्तिक नको. जिथे सूचना लावलीत त्याच फलकावर लावा, म्हणजे मुलांनाही वाचता येईल.

आपला,
आठवीतल्या एका मुलीचा बाप
कोपरखैरणे, नवी मुंबई